मास्तरांच्या मोटरचं माप

मास्तर माणसांचे कपडे शिवत नाहीत. टेम्पोचे टप, दुकानांपुढची कापडी छपरं, सुतारांच्या औजारांच्या पिशव्या, गाद्यांच्या खोळी, असं जे जे जाड आणि हट्टी कापड असेल ते त्यांच्याकडे येतं. कपडे का नाही शिवत, असं कुणी विचारलं की म्हणतात, "माणूस आज बारीक, उद्या जाड आणि परवा भांडायला दारात. टेम्पोचं तसं नाही." तरी सगळा बाजार त्यांना टेलर मास्तरच म्हणतो आणि त्यांनाही ते आवडतं.

मी त्यांचा शेजारी. माझं बॅटरी-इन्व्हर्टरचं दुकान आणि त्यांचं शिवणाचं दुकान यांच्यामध्ये फक्त एक फळ्यांची भिंत होती. समोर रस्ता, रस्त्यावर गाड्या, पलीकडे लोखंड कापणारा, त्यामुळे बोलायचं म्हणजे ओरडायचं. आम्ही दोघेही नाकावर राग घेऊन फिरणारे. अशा दोघांची मैत्री टिकते, कारण कुणीच कुणाला समजावायला जात नाही.

मास्तरांची एक खोड आहे. जे शिवतील ते वाढत्या अंगाचं. हातोड्यासाठी पिशवी सांगितली तर तिच्यात करवतही मावते. मी एकदा म्हटलं, "मास्तर, हातोडा वाढत नाही हो." ते म्हणाले, "हातोडा नाही, सुतार वाढतो. उद्या करवत घेईल, मग येईल रडत." अशा माणसाशी कोण वाद घालणार?

मग रस्ता रुंद करायचं ठरलं आणि आमची दुकानांची रांग पाडली. मला मागच्या गल्लीत तळमजला मिळाला. मास्तरांच्या वाट्याला जी जागा आली ती दुसऱ्या मजल्यावर, आणि त्यांचा उजवा गुडघा पहिल्या पायरीलाच संपावर जातो. त्यांच्या थोरल्या बहिणीची नदीपलीकडे रोपवाटिका होती, बरीच वर्षं बंद. बहीण आता दूर मुलाकडे राहते. तिनं निरोप धाडला की रोपं बांधायची मोठी खोली आणि मागची राहायची खोली रिकामीच आहे, खुशाल या. जागा ऐसपैस, उजेड भरपूर, दाराशी सावली. नव्हती ती फक्त वीज. विजेचे खांब नदीच्या अलीकडच्या काठावर येऊन थांबले होते, पोहता न येणाऱ्या माणसांसारखे.

मास्तरांच्या लेकीनं दुसरीच वाट काढली. ती लांबच्या शहरात असते. फोनवर म्हणाली, "बाबा, खूप झालं आता. तुम्ही दोघं माझ्याकडे या. मशीन विकून टाका, घेणारा माणूस यांच्या ओळखीचा आहे." जावई सालस, त्यानं सासू-सासऱ्यांसाठी खोली रंगवूनही ठेवली. आता इतकं चांगलं वागणाऱ्या माणसावर रागावणार तरी कसं? मास्तर एवढंच म्हणाले, "थोडे दिवस द्या मला. तिकडे मशीन चाललं तर तिथेच राहीन. नाही चाललं तर येतो." पायानं चालवायचं मशीन गुडघ्यामुळे केव्हाच सुटलं होतं. मोटर चालली तर मास्तर मास्तर राहणार, नाहीतर जावयाच्या घरातले आजोबा होणार, इतकं सरळ होतं ते.

त्याच दिवशी सामान बांधून दमलेल्या वहिनी, म्हणजे मास्तरांच्या मंडळी, भिंतीला टेकून म्हणाल्या, "जाऊ या की लेकीकडे. निदान फ्रीज तरी असेल." मास्तरांनी नुकतंच बांधलेलं गाठोडं सोडलं आणि पुन्हा बांधलं. एकदा मारलेली गाठ ते कधी सोडत नाहीत, म्हणून मला ते खटकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते माझ्या नव्या दुकानात आले आणि स्टूल ओढून बसले.

"शेजारी, माझ्या मोटरचं माप घे."

मला हसू आलं. जन्मभर दुसऱ्यांची मापं घेणारा माणूस स्वतः माप द्यायला बसला होता. मी त्यांना त्यांच्याच भाषेत सांगायला गेलो. "हे बघा, इन्व्हर्टर म्हणजे गळा आणि बॅटरी म्हणजे पोट. तुमच्या मोटरवर चारशे वॅट लिहिलंय, पण सुरू होताना ती एकदम मोठा घोट मागते, पाच-सहा पटीनं. गळा अरुंद असला की ठसका लागतो आणि इन्व्हर्टर बंद पडतो. दिवसभर किती पुरेल ते मात्र पोटावर."

"मग गळा वाढत्या अंगाचा दे."

"मोठा गळा रिकामा बसूनही थोडं थोडं चाखत राहतो, मास्तर. अंथरूण पाहून पाय पसरा."

"अंथरूण मीच शिवतो," ते म्हणाले.

मी दीड हजार वॅटचा इन्व्हर्टर म्हणत होतो, कारण चांगला इन्व्हर्टर क्षणभर दुप्पट भार सोसतो. ते तीन हजारांवर अडून बसले. शेवटी दोन हजारांवर तडजोड झाली, आणि तडजोड झाली की मास्तरांना आपण जिंकलो असं वाटतं, त्यामुळे वातावरण निवळलं.

"आता पोट," मी म्हटलं. "दिवसातून किती तास शिवता?"

मास्तरांनी डोळे मिटले. शिवणाऱ्याचा दिवस फार लांब असतो, पण त्यातला सुईचा वाटा थोडा. कापड पसरा, खडूनं आखा, कापा, दुमडा, चिमटे लावा, गिऱ्हाइकाशी वाद घाला, चहा प्या, आणि मग कुठे एक लांब शिवण. "तीन तास," ते म्हणाले. "त्याहून जास्त सांगेन तर खोटं ठरेल."

मला ते पटलं. मी वर्षानुवर्षं त्यांना कानावर खडू ठेवून रस्त्यावर उभं राहिलेलं पाहिलं होतं. मी मोठ्यानं हिशेब मांडला: चारशे वॅट तीन तास म्हणजे बाराशे, दोन दिवे, एक पंखा आणि इन्व्हर्टरचं चाखणं मिळून आणखी सहाशे. बॅटरी अर्ध्याखाली उतरवायची नाही, उतरवली की तिचं आयुष्य घटतं, म्हणून सगळ्याची दुप्पट, छत्तीसशे. बारा व्होल्टच्या, दीडशे अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या घेतल्या की बरोब्बर बसतं. त्या रोज भरायला छपरावर दोन सोलर प्लेटा.

"माया किती सोडलीस?" मास्तरांनी विचारलं. दुमडीसाठी कापड जास्तीचं सोडतात त्याला ते माया म्हणतात.

"दुप्पट केली ना, त्यात आली माया."

ते खूश होऊन गेले. मीही खूश होतो. एवढं चोख माप मी स्वतःच्या घराचंही घेतलं नव्हतं.

नदीपलीकडे मी सगळं जोडून दिलं आणि पहिला दिवस छान गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी इन्व्हर्टर बॅटरी उतरल्याची पींपीं करू लागला. तिसऱ्या दिवशी एका टेम्पोच्या टपाची शिवण अर्ध्यावर असताना सुई कापडात रुतली ती रुतलीच. मास्तरांचा फोन आला. "तुझ्या बॅटऱ्या वारल्या. ये, भेटून जा."

मी पुलावरून धापा टाकत गेलो. मास्तरांचं म्हणणं, मी जुना माल त्यांच्या गळ्यात मारला. माझं म्हणणं, छपरावर झाडाची सावली पडते. आम्ही इतके भांडलो की वहिनी चहाचे कप घेऊन आल्या आणि तशाच परत गेल्या. शेवटी झाडाची एक फांदी छाटली. काही फरक पडला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. मी बॅटऱ्या एकेक तपासल्या, तारा आवळल्या, प्लेटा पुसल्या. सगळं ठणठणीत होतं आणि तरी रोज दुपारी पोट रिकामं. तेवढ्यात लेकीचा फोन आला की रविवारी आम्ही येतोय, सोबत मशीन घेणाराही टेम्पो आणि दोर घेऊन येईल, नुसतं बघून जाईल. नुसतं बघायला कुणी दोर आणि टेम्पो घेऊन येत नाही, हे मास्तरांनाही कळत होतं.

मी दुकान बंद ठेवलं आणि एक अख्खा दिवस तिकडे जाऊन बसलो. सकाळभर मी छपरावर प्लेटांपाशी होतो, सगळं सुरळीत. दुपारी मास्तर आणि मी दाराबाहेर सावलीत बसून चहा पीत होतो. गाड्या नाहीत, लोखंड कापणारा नाही, पानसुद्धा हलत नव्हतं. आणि मला खोलीतून काहीतरी ऐकू आलं.

"मास्तर, हे काय वाजतंय?"

"कुठे काय?"

"हे गुंऽऽ गुंऽऽ."

"ती मोटर."

"पण तुम्ही तर इथे बसलाय."

"म्हणून काय झालं?" मास्तर माझ्याकडे, मी वेडा झालो की काय अशा नजरेनं बघायला लागले. "सकाळी बटण दाबायचं, संध्याकाळी बंद करायचं. मोटर आपली फिरत असते. शिवायचं असलं की पाय दाबायचा, क्लच धरतो आणि सुई धावते. पाय उचलला की सुई थांबते. मोटरनं कशाला थांबायचं?"

मी कप खाली ठेवला. इतकी वर्षं एका फळीच्या पलीकडे ही बया दिवसभर गुणगुणत होती आणि बाजाराच्या गोंगाटात मला तिचा सूर एकदाही ऐकू आला नव्हता. काखेत कळसा आणि आम्ही झाडाच्या फांद्या तोडत होतो.

"मग मला तीन तास का सांगितलंत?"

"तू शिवण्याचं विचारलंस. तीन तासच शिवतो मी. नुसती फिरते त्याला काय काम म्हणायचं? एक टाका तरी पडतो का त्यात?"

ज्यातून टाका पडत नाही ते शिवणाऱ्याच्या हिशेबातच नसतं. मी मीटर लावून पाहिला. रिकामी फिरतानाही ती शिवतानाच्या जवळजवळ निम्मं ओढत होती, आणि ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत. माप चोख होतं, फक्त ते भलत्याच मोटरचं होतं.

आधी मी सोपा उपाय सांगितला. शिवण संपली की हातानं बटण बंद करा. मास्तरांनी तासभर प्रयत्न केला. बटण बंद करायचं विसरायचे, किंवा बंद केलेलं विसरून पाय दाबायचे आणि मशीनला शिव्या द्यायचे. हाताला लागलेलं वळण सांगून जात नाही. मग मी म्हटलं, "ही मोटर काढू या. सर्वो मोटर नावाची असते. पाय दाबला तरच फिरते, पाय उचलला की ठप्प. तोच इन्व्हर्टर, त्याच बॅटऱ्या, सगळं पुरून उरेल."

मला वाटलं होतं, ते माझ्या पाठीवर आनंदानं थाप मारतील. ते पायाखालची माती काठीनं उकरत बसले.

"राहू दे रे," ते हळू आवाजात म्हणाले. "हिला लेकीकडे जायचंय."

"कोण म्हणालं?"

"तीच म्हणाली की त्या दिवशी. आणि खरंच आहे. ही जागा माझ्या बहिणीची. नणंदेच्या जागेत राहायला कुठल्या बाईला आवडतं? आयुष्यभर माझ्या मोटरशेजारी बसून धागे कापले तिनं. मागून मागून काय मागितलं, तर फ्रीज."

"विचारलंत का त्यांना नीट?"

"विचारलं तर म्हणेल, तुमची इच्छा. मग तिची इच्छा मला कशी कळायची?"

मला वाईट वाटलं, अगदी आतून वाटलं. बॅटरीचं पोट मोजता येतं, पण यांच्या घरातला हा गुंता माझ्या मीटरच्या आवाक्यातला नव्हता. तरी मी हट्टानं म्हटलं, "मोटर बसवतो. विकायचंच असेल तर चालू मशीन विका." रविवारच्या आत मी ती बसवली. मास्तरांनी पट्टा ताणून दिला, पण एकही टाका घालून पाहिला नाही.

रविवारी लेक-जावई आले, जावयाच्या हातात दोर. सोबतचा माणूस पिशव्यांचा कारखाना चालवणारा, जाडजूड, बोलायला मऊ. लेकीनं आल्या आल्या मागची खोली पाहिली, बापाचा गुडघा पाहिला आणि डोळे पुसले. वहिनींनी सगळ्यांना पाणी दिलं आणि त्या मागच्या पायरीवर, आमच्याकडे पाठ करून, टपाच्या कडेला नाड्या ओवायला बसल्या. माणसं आली म्हणून काम बाजूला ठेवणाऱ्यांतल्या त्या नाहीत.

"चालवून दाखवा," कारखानदार म्हणाला.

मास्तर बसले. त्यांनी कॅनव्हासची पट्टी घेतली आणि घडीवर घडी घालत तिचे आठ पदर केले. अशा मोटरा जाड कापडावर हळू चालवताना मार खातात हे मला ठाऊक होतं, ते मी बोललो नव्हतो. मास्तरांनी पाय अलगद दाबला. सुई खाली गेली, क्षणभर अडली, आरपार झाली. मग टक, टक, टक, एकेक टाका, दाण्यासारखा सारखा. मास्तरांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. बॅटरीचा आकडा जागचा हललाही नव्हता. मग त्यांना काहीतरी आठवल्यासारखं झालं, त्यांनी धागा तोडला आणि ते उठले.

"बसा," ते कारखानदाराला म्हणाले. "हात बसवून बघा. मशीन गुणी आहे. जपून वापरलं तर तुमच्या मुलालाही पुरेल."

कारखानदार बसला. त्यानं एक लांब शिवण मारली आणि टाके बघायला पाय उचलला. मशीन ठप्प झालं. जुनी मोटर असती तर गुंऽऽ करत राहिली असती. आता खोलीत काहीच वाजत नव्हतं, आणि त्या शांततेत मागच्या पायरीवरून वहिनींचा आवाज आला. त्यांना काम करताना स्वतःशी बोलायची सवय आहे, हे आमच्यापैकी कुणालाही ठाऊक नव्हतं. नवऱ्यालाही नाही.

"द्या, द्या. हात धरून बसवा त्याला. आणि तिकडे जाऊन काय करणार? सोफ्यावर बसून जावयाच्या टीव्हीला शिव्या घालणार. चार दिवसांत लेक हात जोडेल. मी मेली एकदा दमून म्हटलं फ्रीज असेल म्हणून, तर ते यांच्या डोक्यात दुहेरी शिवण घालून बसलंय. मला काय करायचाय फ्रीज? इथे दाराशी वारा येतो. नणंदबाई लांब आहेत, देव त्यांना तिथेच सुखी ठेवो. बरं चाललं होतं की. पण यांना त्या गुडघ्यापायी जायचं असेल, तर मी कशाला आडवी येऊ? माझं कुणी विचारलंय?"

नाडीचं टोक दातांत धरायला त्या थांबल्या, आणि त्यांना शांतता जाणवली. मागे वळून पाहतात तर आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत उभे. लेकीचा हात तोंडावर होता. जावई छताकडे बघत होता.

"मोटर बंद पडली का?" वहिनींनी घाबरून विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "चालू आहे. हिला आवाज नसतो."

वहिनींचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. कारखानदार शहाणा माणूस. तो न सांगता स्टुलावरून उठला, आणि जाताना एवढंच विचारलं की अशी मोटर कुठे मिळते. लेकीनं जावयाच्या हातातला दोर काढून घेतला आणि गुंडाळून ठेवला.

मास्तर लंगडत मागच्या दारापर्यंत गेले आणि चौकटीला धरून उभे राहिले.

"रोज बोलायचीस अशी?"

"मग काय. लग्न झाल्यापासून. तुमच्या मोटरपुढे कुणाला ऐकू जायचं?" वहिनींनी नाडी नुसतीच ओढली. "आता ही मुकी मोटर आणलीत. आता मला मनातल्या मनात बोलावं लागणार."

"नको," मास्तर पायरीवर त्यांच्याशेजारी बसत म्हणाले. "मोठ्यानंच बोल."